दारावरची पाटी

ताई,

माझं माहेर सांगलीचं. लग्नानंतर पुण्यात आले, चिंचवडच्या एका हॉस्पिटलच्या औषध विभागात सात वर्षं नोकरी केली. बी.फार्म. आहे. सहा महिन्यांपूर्वी ह्यांची चाकणहून इकडच्या ऑफिसला बदली झाली आणि आम्ही चार वर्षांच्या लेकीला घेऊन जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहायला आलो. जर्मनचा ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचा कोर्स केलाय, पण तोंड उघडत नाही.

परवा सकाळी दार उघडलं तर बाहेरच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवलेली. समोरच्या आजी जिन्यात उभ्या होत्या. काहीतरी बोलल्या, पायऱ्यांकडे बोट दाखवलं आणि आत गेल्या. मोबाईलवर भाषांतर केलं तर 'झाडण्याचा आठवडा' असं आलं. आम्ही घाणेरडे राहतो असं वाटतं का त्यांना? दोन रात्री झोप नाही. त्याआधीच्या रविवारी खालच्या मजल्यावरचे गृहस्थही बेल वाजवून काही सांगून गेले, मी तेव्हा व्हॅक्यूम करत होते. बेडरूमच्या कोपऱ्यात भिंतीवर काळे ठिपके आलेत. पत्रं येत राहतात, ती मी ड्रॉवरमध्ये टाकते, हे शनिवारी बघतात. टीव्हीच्या पैशांचं एक पत्र तीनदा आलं. आमच्याकडे टीव्हीच नाही, तेव्हा फसवणूक असेल म्हणून सोडून दिलं. लेकीला अजून किंडरगार्टन मिळालेलं नाही. तसं बाहेरचं सगळं हेच करतात, मला काही त्रास नाही.

पण मागच्या आठवड्यात लेकीला ताप आला आणि सुपरमार्केटमध्ये मला साधं पॅरासिटामॉल सापडेना. सात वर्षं औषधं दिली मी लोकांना. त्या रॅकसमोर उभी राहून रडले. दिवसभर सांगलीला व्हिडिओ कॉल चालू ठेवते, नाहीतर घर खायला उठतं. परत जावंसं वाटतं. मी काय करू?

— एक वाचक


प्रिय मुली,

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मी तुला 'तू'च म्हणते. आधी पाटीचं सांगते, म्हणजे आज रात्री तरी झोपशील.

ती पाटी तुझ्या दारावर येण्याआधी त्या आजींच्याच दारावर होती. त्यांच्या आधी बहुतेक वरच्यांच्या. आणि तुझा आठवडा संपला की तुला ती काढून पुढच्या दारावर लटकवायची आहे. तुम्ही ज्या भागात राहता त्या श्वाबन प्रांतात जिना आणि घराचा समाईक भाग भाडेकरू आळीपाळीने साफ करतात. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी. पाटीवर 'केरवोखं' असं लिहिलेलं असेल. 'केरन' म्हणजे झाडणं आणि 'वोखं' म्हणजे आठवडा. आपला केर आणि त्यांचा केर उच्चाराला इतके जवळ आहेत की हा शब्द तू आता विसरणार नाहीस. स्टुटगार्ट शहराने ह्याची सक्ती 1980च्या दशकाच्या शेवटी नियमावलीतून काढून टाकली, पण भाडेकरारांतून आणि लोकांच्या मनांतून ती गेलेली नाही. म्हणजे आजींनी तुला घाणेरडी ठरवलेलं नाही. त्या घरातली एक म्हणून तुझी पाळी लावली आहे. सहा महिने त्यांनी तुझ्या पाळीचं काम बहुधा स्वतःच केलं असेल.

आता काम काय ते नीट सांगते, कारण इथेच माझी मोठी चूक झाली होती. छोटी केरवोखं म्हणजे आपल्या मजल्याची मोकळी जागा आणि तिथून खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या. आधी झाडायचं, मग पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसायचं, कठडा आणि जिन्यातल्या खिडकीची कडही पुसायची. मोठी केरवोखं म्हणजे बाहेरचं दार, तळघराचा जिना, कचऱ्याच्या डब्यांची जागा, घरासमोरचा फुटपाथ. ही पाळी बऱ्याच दिवसांनी येते. तुमच्याकडे काय काय आहे हे भाडेकराराला जोडलेल्या 'हाउसओर्डनुंग' नावाच्या कागदात असतं. तो कागद आजच शोध. शनिवारपर्यंत काम उरकावं असा रिवाज आहे. नोकरी करत असशील किंवा नसशील, कुणी ते पाहत नाही, पण शनिवारी सकाळी जिन्यात ओल्या फरशीचा वास आला की सगळ्यांना कळतं.

मी 2004च्या जानेवारीत नाशिकहून इथे आले. माझी पहिली पाळी आली ती मोठीच होती. आमच्या घरी ओटा आणि अंगण धुवायचं म्हणजे बादली ओतायची आणि खराट्याने खसाखसा घासायचं. मी तेच केलं. बाहेरच्या पाच पायऱ्या संध्याकाळी बादलीभर पाण्याने धुतल्या. रात्री तापमान शून्याच्या बरंच खाली गेलं आणि पहाटे त्या पायऱ्यांवर काचेसारखा बर्फ झाला. तळमजल्यावरचे सत्तरीचे आजोबा पेपर आणायला बाहेर पडायच्या आधी मला खिडकीतून ते दिसलं, हे माझं नशीब. मी हातवारे करत खाली धावले. त्यांनी तळघरातून मिठाची पिशवी आणली, माझ्या हातात मूठभर मीठ दिलं आणि कसं फेकायचं ते दाखवलं. एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. त्यांचं माकडहाड मोडलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं, हे आज वीस वर्षांनंतरही वाटतं.

हे सविस्तर सांगितलं कारण हिवाळा तोंडावर आहे. बर्फ पडला की ज्याची मोठी पाळी त्याने फुटपाथ मोकळा करायचा, साधारण सकाळी सातपासून. रस्त्यावरून जाणारा कुणी घसरून पडला तर भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. म्हणून ह्यांना विचार, घरात 'हाफ्टफ्लिश्ट' विमा आहे का. आपल्याकडून चुकून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरपाई देतो. सगळ्या कुटुंबाला मिळून वर्षाला साधारण 50 ते 100 युरोंत येतो. नसेल तर ह्याच महिन्यात काढा. आरोग्य विम्यानंतर हाच घ्यावा असं माझं मत आहे, बाकीचे विमे विकायला येणाऱ्यांना सध्या दारातूनच नमस्कार कर.

खालच्या गृहस्थांचं प्रकरण सोपं आहे. रविवारी व्हॅक्यूम, ड्रिल, हातोडी चालत नाही. रविवार आणि सणाची सुट्टी हे इथे शांततेचे दिवस, आणि रोज रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ. काही घरांच्या नियमावलीत दुपारी एक ते तीनही असते. काचेच्या बाटल्या टाकायचे मोठे डबे असतात, तिथेही रविवारी बाटल्या टाकायच्या नाहीत, खणखणाट होतो म्हणून. लेक घरात धावली, खेळताना ओरडली तर त्याचं टेन्शन घेऊ नकोस, लहान मुलाचा आवाज शेजाऱ्यांनी सोसायचा असतो, कोर्टही साधारण तसंच म्हणतं. कुकरच्या शिट्टीचीही काळजी नको. फक्त रविवारी सकाळी सहाला इडलीचं वाटण मिक्सरला लावू नकोस.

भिंतीवरचे काळे ठिपके मात्र रविवारच्या व्हॅक्यूमपेक्षा गंभीर आहेत. ती बुरशी आहे आणि ती वाढते. कारण असं: आपण भात शिजवतो, फोडण्या देतो, कपडे घरात वाळवतो, तिघं जण रात्रभर श्वास सोडतो. ह्या सगळ्याचं बाष्प हवेत जातं. थंडी म्हणून आपण खिडक्या घट्ट लावून घेतो. मग ती ओल घरातल्या सगळ्यात थंड जागी, म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, पलंगाच्या किंवा कपाटाच्या मागे जाऊन बसते. पुण्यातल्या घराला ही काळजी नसते, खिडक्यांतून, दारांच्या फटींतून वारा खेळतच असतो. इथल्या खिडक्या डब्याच्या झाकणासारख्या बसतात.

उपाय एकच आणि तो फुकट आहे. दिवसातून तीनदा, सकाळी उठल्यावर, स्वयंपाकानंतर आणि झोपण्याआधी, समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडायच्या, पाच ते दहा मिनिटं, आणि तेवढा वेळ हीटर बंद ठेवायचा. खिडकी वरून तिरकी करून दिवसभर ठेवायची नाही, त्याने ओल जात नाही, भिंत गार पडते आणि बिल वाढतं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट चालू आणि स्वयंपाकघराचं दार बंद. त्याने मिरचीच्या फोडणीला धुराचा अलार्मही वाजणार नाही. आणि ठिपक्यांचे फोटो काढून घरमालकाला लेखी कळव, ईमेल चालेल. 'बरं दिसत नाही' म्हणून लपवलंत तर घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापायला त्यांना कारण मिळेल, आणि डिपॉझिट म्हणजे तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी रक्कम असू शकते. दोष भिंतीचाही असू शकतो, तुझ्या स्वयंपाकाचाच असतो असं नाही. म्हणूनच तारखेसह लिहिलेलं हवं.

आता ड्रॉवर.

मुली, तो ड्रॉवर आज रात्री रिकामा कर. ह्या देशात महत्त्वाचं जे काही आहे ते अजूनही कागदावर, लिफाफ्यात येतं आणि त्यावर मुदत असते. बँक, विमा, नगरपालिका, करखातं, घरमालक, सगळे पत्रच पाठवतात. तुम्ही पत्र उघडलं नाही म्हणून मुदत थांबत नाही. विशेषतः पिवळा लिफाफा आला, ज्यावर पोस्टमनने हाताने तारीख लिहिलेली असते, तर तो शनिवारपर्यंत ठेवायचाच नाही. तो कोर्टाकडून किंवा सरकारी कार्यालयाकडून येतो आणि त्या तारखेपासून दिवस मोजायला सुरुवात होते. दंडाच्या नोटिशीवर हरकत घ्यायला दोनच आठवडे मिळतात. लिफाफाही फेकायचा नाही, तारीख त्याच्यावरच असते.

टीव्हीचं पत्र खरं आहे. त्याला 'रुंडफुंकबाइट्राग' म्हणतात. सार्वजनिक रेडिओ आणि टीव्हीसाठी दर घरामागे महिन्याला 18.36 युरो, आणि ते तीन महिन्यांचे एकदम मागतात, 55.08 युरो. 2013पासून हा पैसा घरामागे आहे, घरात टीव्ही असो वा नसो. तिघं राहता तरी एकदाच. पत्त्याची नोंदणी केलीत तेव्हाच त्यांना तुमचं नाव कळलं. तीन पत्रं झाली म्हणजे थोडी दंडाची रक्कमही चढली असेल. ती भरून टाका आणि पुढचं बँकेतून आपोआप वळतं करा. फसवणुकीचा संशय आला हे चांगलंच आहे, तशी पत्रंही येतात, पण संशय आला की पत्र ड्रॉवरमध्ये टाकू नये, कुणाला तरी दाखवावं.

कुणाला दाखवावं? मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकायचा मोह होतो. तिथे माया मिळते, पोळीसाठी कुठला आटा घ्यावा हे कळतं, लेकीचे छोटे झालेले कपडे देता-घेता येतात. कायद्याच्या कागदांसाठी मात्र मी तिथे विसंबणार नाही, कारण प्रत्येकाची केस वेगळी आणि सांगणारा स्वतःचीच सांगतो. इथे परदेशातून आलेल्या प्रौढांसाठी 'मिग्रात्सिओन्सबेराटुंग' नावाची मोफत सल्ला केंद्रं आहेत. कारितास, डियाकोनी, आवो ह्या संस्था ती चालवतात, सरकार पैसे देतं. अपॉइंटमेंट घ्यायची, पत्रांची पिशवी घेऊन जायचं. ते ओळीने वाचून सांगतात. इंग्रजी चालतं बऱ्याच ठिकाणी.

घरात एक जाड रुंद फाईल आण, दोन भोकांची, इथे प्रत्येक घरात असते. आत सहा रंगीत पुठ्ठे: घर, विमा, बँक, कर, लेक, आणि सहावा तुझ्या नावाचा. पत्र आलं की उघडायचं, मोबाईलने भाषांतर करायचं, वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मराठीत एक ओळ लिहायची, 'पैसे भरायचे, 30 तारखेच्या आत', आणि फाईलला लावायचं. रोज दहा मिनिटं. ह्यांनी शनिवारी हवं तर तपासावं. पण उघडायचं तू.

हे मी मुद्दाम सांगते आहे. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, 'सगळं हेच करतात, मला काही त्रास नाही.' पूर्ण पत्रात मला ह्याच वाक्याची सगळ्यात जास्त काळजी वाटली. ते प्रेमाने करतात ह्यात मला शंका नाही. पण सहा महिन्यांत त्यांनी शंभर छोटी कामं केली, त्या शंभर कामांत त्यांचा जर्मन बोलताना अडखळलेला आवाज मोकळा झाला, आणि तुझा झाला नाही. पोस्टात, बँकेत, बेकरीत, डॉक्टरकडे जाऊनच देश ओळखीचा होतो. ती सगळी ओळख एकट्या त्यांच्या वाट्याला गेली. तुला जे परकं वाटतंय त्यातलं निम्मं तरी ह्यानेच.

तेव्हा घरात बसून बोला आणि वाटणी करा. माझं ऐकशील तर टपाल, लेकीचं किंडरगार्टन आणि डॉक्टर ही तीन खाती तू घे. भाडेकरारावर तुझं नाव आहे का बघ. बँकेत तुझं स्वतःचं किंवा जोडखातं असू दे, कार्ड तुझ्या पर्समध्ये. सरकारी आरोग्य विमा असेल तर नोकरी नसलेल्या पत्नीला आणि मुलांना वेगळा हप्ता न भरता त्यात घेतात आणि तिघांना तीन वेगळी कार्डं मिळतात. तुझं कार्ड तुझ्याकडे हवं, ह्यांच्या पाकिटात नको. टपालपेटीवर तुझंही आडनाव आहे का तेही बघ. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं.

आता तापाचं. पॅरासिटामॉल इथे फक्त 'आपोथेकं'मध्ये, म्हणजे लाल रंगात मोठा ए लिहिलेल्या औषधाच्या दुकानात मिळतं. साबण-शांपूच्या 'ड्रोगरी'त चहा, मलम, व्हिटॅमिनं भरपूर, पण हे नाही. तू ज्या रॅकसमोर उभी होतीस तिथे ते असणं शक्यच नव्हतं. जिथे मिळतं तिथे काउंटरमागे तुझ्याच शिक्षणाची बाई उभी असते, आणि तिच्याशी बोलल्याशिवाय गोळी हातात येत नाही. हे तुला तरी पटावं.

मुलांच्या डॉक्टरकडे आत्ताच नाव नोंदव, ताप यायची वाट बघू नकोस, कारण बऱ्याच ठिकाणी नवीन मुलं घेत नाहीत आणि चार-पाच फोन करावे लागतात. मिळाला नाही तर 116117 ह्या नंबरवर अपॉइंटमेंटसाठीही मदत मिळते. हाच नंबर रात्री आणि शनिवार-रविवारी ड्यूटीवरच्या डॉक्टरसाठी. जिवावरचं असेल तरच 112. रात्री कुठलं आपोथेकं उघडं आहे ते प्रत्येक आपोथेकंच्या दारावर लिहिलेलं असतं, छोट्या खिडकीतून औषध देतात आणि अडीच युरो जास्त घेतात. सरकारी विम्यात बारा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरने लिहून दिलेलं साधं तापाचं औषधही विमा देतो, म्हणून डॉक्टरकडून लिहून घ्यायला लाजू नकोस. जानेवारी 2024पासून बहुतेक प्रिस्क्रिप्शन कार्डावरच येतं, कागद मिळाला नाही म्हणून घाबरू नकोस. आणि एक सांगून ठेवते, इथले डॉक्टर पहिल्या दिवशी अँटिबायोटिक देत नाहीत, विश्रांती आणि पाणी सांगतात. तुला त्यामागचं शास्त्र माहीत आहे. सांगलीच्या आजीला तेवढं फोनवर समजावावं लागेल.

आता तुझ्या बी.फार्म.कडे येते, कारण रॅकसमोरचं रडू गोळीसाठी नव्हतं हे तुलाही माहीत आहे.

तुझ्या राहण्याच्या कार्डावर 'एर्वेर्ब्सटेटिग्काइट एर्लाउब्ट' असे दोन शब्द आहेत का बघ. असतील तर तुला नोकरी करायला परवानगी आहे. पण फार्मासिस्ट म्हणून काम करायला इथे 'आप्रोबात्सिओन' लागतं, म्हणजे सरकारी परवाना. तुमच्या भागातल्या लोकांचा अर्ज स्टुटगार्टच्या 'रेगीरुंग्सप्रेझीडियुम' नावाच्या सरकारी कार्यालयाकडे जातो. साधारण बी-टू पातळीचं जर्मन, वर औषधशास्त्राच्या भाषेची सी-वन पातळीची तोंडी-लेखी परीक्षा, आणि शिक्षण इथल्याच्या बरोबरीचं धरलं नाही तर ज्ञानाची परीक्षा. आपली बी.फार्म. चार वर्षांची, इथलं शिक्षण चार वर्षं आणि वर एक वर्ष प्रत्यक्ष काम, त्यामुळे परीक्षा द्यावी लागेल असंच धरून चाल. दरम्यान देखरेखीखाली काम करायचा तात्पुरता परवाना मिळू शकतो, तोही दोन वर्षांपर्यंतचाच. हे सगळं आजपासून धरलं तर दोन-तीन वर्षांचं काम आहे. गोड बोलून कमी सांगणार नाही.

पण इथे एक प्रश्न तुलाच विचारते, जो तुझ्या पत्रात नाही: ह्यांची बदली किती वर्षांची आहे? दोन वर्षांनी परतायचं ठरलेलं असेल तर मी आप्रोबात्सिओनच्या मागे लागणार नाही. बी-वनपर्यंत भाषा करेन, गावात ओळखी करेन आणि पुण्याची नोकरी परत मिळेल असं बघेन. पाच वर्षं किंवा जास्त राहायचं असेल तर मात्र ह्याच महिन्यात सुरुवात कर. पदवी, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी, हॉस्पिटलचं अनुभवाचं पत्र, ह्या कामांना तिकडे माणूस लागतो. भावाला किंवा दिराला आत्ताच सांग. भाषांतर मात्र इथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यायचं, तिकडून करून आणलेलं कधी कधी नाकारतात आणि पैसे दुप्पट जातात.

भाषेसाठी गावातल्या 'फोल्क्सहोखशूलं'मध्ये जा, ती नगरपालिकांची शाळा आहे, प्रत्येक शहरात असते. सकाळचा वर्ग निवड. संध्याकाळच्या वर्गाला थकलेली माणसं येतात, वर्ग सुटला की लगेच पांगतात. सकाळच्या वर्गात तुझ्यासारख्याच बायका भेटतील, सिरियाच्या, युक्रेनच्या, तुर्कस्तानच्या, आणि त्यांच्याशी बोलायला तुम्हा सगळ्यांकडे मोडकंतोडकं जर्मनच असेल. माझं तोंड तिथेच उघडलं. बोलताना 'झी' आणि 'दू'चा घोळ तुला व्हायला नको, आपल्याकडे 'तुम्ही' आणि 'तू' आहेच. समोरच्या आजींना 'झी'. त्या आपणहून 'दू' म्हण म्हणाल्या की मगच 'दू'. जिन्यात कुणीही भेटलं तरी मान वर करून 'ग्र्यूस गॉट', म्हणजे नमस्कार म्हणायचं, ओळख असो वा नसो. सहा महिने तू खाली बघून उतरत असशील, मीही तेच करायचे, आणि ते त्यांना फटकून वागणं वाटतं.

लेकीच्या किंडरगार्टनसाठी ऑनलाइन यादीत नाव टाकून थांबू नकोस. तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला जागा मिळणं हा इथे कायद्याने हक्क आहे. तू स्वतः 'राटहाउस'मध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या कार्यालयात जा, कधी मिळेल ते लेखी विचार, दोन-तीन किंडरगार्टनांत जाऊन भेट. चेहरा पाहिलेला असला की फरक पडतो. जागा मिळाली की पहिले काही दिवस तुला तिथेच बसवतील, मग अर्धा तास बाहेर पाठवतील, मग तासभर. ह्याला 'आइनगेव्योनुंग' म्हणतात. लेकीबरोबर तूही तिथे बसून भाषा ऐकशील. रबरी बूट आणि चिखलात घालायची पँट दोन्ही विकत घे, पाऊस असला तरी मुलं बाहेरच असतात. डब्यात पोळीचा रोल दे, चालतो. घरात मात्र तिच्याशी मराठीच बोल. जर्मन ती सहा महिन्यांत अंगणात शिकेल, मराठी तिला तुझ्याशिवाय कुणी शिकवणार नाही.

राहिला व्हिडिओ कॉल. बंद कर असं मी सांगणार नाही. तुझी आई संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावते तेव्हा इथे दुपारचे दोन वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. तो कॉल ठेव. पण सकाळ इथली असू दे. डिसेंबरात इथे आठनंतर उजाडतं आणि साडेचारला अंधारतं, मधले आठेक तासच आपले. ते सांगलीच्या स्क्रीनसमोर गेले तर डोळ्यांना दिवस दिसतच नाही, आणि मन खचतं ते निम्मं त्यानेच. नऊ ते बारा बाहेर, पाऊस असला तरी. आणि जानेवारीपर्यंतही झोप येत नसेल, रडू थांबत नसेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरला तसं स्पष्ट सांग. त्यासाठी तो आहे.

परत जावंसं वाटतं म्हणालीस. जा म्हणून किंवा राहा म्हणून मी सांगणार नाही. फक्त निर्णय आत्ता, नोव्हेंबरात, ड्रॉवर भरलेला असताना घेऊ नकोस. मार्चअखेर घे, घड्याळं पुढे गेली की. तोवर फाईल, वर्ग आणि लेकीची जागा एवढं झालेलं असू दे.

शनिवारी जिना पूस. पाणी ओतू नकोस. सोमवारी पाटी पुढच्या दारावर लटकवताना आजींची बेल वाजव आणि 'एंटशुल्डिगुंग, इश हाबं एस निश्ट गेवुस्ट' म्हण, म्हणजे 'माफ करा, मला माहीत नव्हतं.' बरोबर बशीत दिवाळीच्या शंकरपाळ्या ने. उरल्या नसतील तर नारळाच्या वड्या कर. नाताळच्या आधी त्या तुला घरच्या बिस्किटांचा, 'गुट्स्लं'चा डबा देतील असा माझा अंदाज आहे. डबा रिकामा परत करायचा नाही हे तुला मी सांगायला नको. वड्यांत काजू असतील तर 'कॅशू' (Cashew) एवढं एका चिठ्ठीवर लिहून बशीवर ठेव, इथे लोक ते आवर्जून विचारतात.